डोक्यावर गाळणी, डोक्यावर टोप: टोपी-टोपीच्या खेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचं खेळघर चालवते. खोलीच्या कोपऱ्यात वेताची एक मोठी टोपली असते. तिच्यात दोन दुरड्या, एक रोवळी, हँडल तुटलेली चाळण, जर्मनचं पातेलं, पंचे, उशीचे अभ्रे, मोजे असं काहीबाही असतं. खरी टोपी मात्र जवळजवळ नाहीच; मुलं यातलंच काहीतरी डोक्यावर ठेवून टोपी-टोपी खेळतात. दर जूनमध्ये नवे पालक त्या टोपलीकडे आधी संशयाने बघतात आणि मग तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलंय.

माझी मुलगी दिवसभर चहाची गाळणी डोक्यावर ठेवून हिंडते. काही बिघडलंय का?

बिघडली असेल तर गाळणी, मुलगी नाही. दोन दिवस ती गाळणी तिलाच देऊन टाका आणि चहासाठी दुसरी आणा.

जरा जवळून बघा ती काय करते ते. गाळणीची दांडी मागे गेली की शेंडी होते. पुढे आली की टोपीची झापड. कानाशी आली की कानात यंत्र घालून कुणाशी तरी बोलणारी ऑफिसातली ताई. वस्तू तीच, फक्त फिरवली, की माणूस बदलतो. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

हे कितव्या वर्षी सुरू होतं?

साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं मूल रिकाम्या कपातून चहा प्यायचं नाटक करायला लागतं. डोक्यावर वस्तू ठेवून ‘टोपी’ म्हणणंही याच सुमारास दिसतं, पण तेव्हा ती गंमत असते: ठेवायची, पाडायची, हसायचं, परत ठेवायची. दोन वर्षांच्या आसपास एका वस्तूला दुसरी मानणं पक्कं होतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी टोपीखाली माणूस उगवतो, म्हणजे मूल टोपी घालून कुणीतरी होतं, त्याचा आवाज काढतं, त्याच्यासारखं रागावतं. चार-पाचच्या पुढे टोळी जमते आणि ‘तू गिऱ्हाईक हो, मी दुकानदार’ अशी वाटणी सुरू होते. त्यातली निम्मी वेळ वाटणीच्या भांडणात जाते. ते भांडण म्हणजेच खेळ, ते मिटवायला धावू नका.

दोन-चार महिने इकडेतिकडे झाले तर मोजत बसू नये. मात्र दीड वर्ष उलटलं तरी मूल हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, किंवा दोन वर्षं उलटून गेली तरी कशाचंच नाटक करत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. इतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

पण टोपीच का? बांगड्या, चपला, साडी हेही असतंच की.

असतं. पण टोपीचं एक वेगळंपण मला पाचेक वर्षं मुलं बघितल्यावर कळलं. चपला घातल्या की त्या घालणाऱ्याला दिसतात. बांगड्या दिसतात, पदर दिसतो. टोपी घातलेल्याला स्वतःची टोपी दिसत नाही. अंगावर घालायच्या जवळजवळ सगळ्या गोष्टींत हीच एक अशी, की ती आहे की नाही हे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं.

म्हणून पातेलं डोक्यावर घेतलेलं मूल आपल्या खोलीत थांबत नाही. ते ओट्यापाशी येऊन उभं राहतं, काही बोलत नाही, हलत नाही (हललं तर टोपी पडेल), फक्त तुमच्याकडे बघतं. तुम्ही फोडणीत गुंतलेल्या असता. ते तुमच्या नजरेत आपली टोपी शोधत असतं. आरशाने थोडंफार भागतं, म्हणून खोलीत मुलांच्या उंचीला एक आरसा लावा. पण आरसा ‘या साहेब’ म्हणत नाही.

दुसरी गोष्ट चालीची. डोक्यावर रोवळी असली की मान ताठ ठेवावी लागते, पावलं सावकाश पडतात, हात आपोआप थोडे बाजूला येतात. पाच पावलं असं चाललं की मूल स्वतःच राजा होतं. ते राजा व्हायचं ठरवून रोवळी घेत नाही. रोवळी घेतल्यावर चाल बदलते आणि त्या चालीतून राजा येतो. जड टोपाखाली म्हातारा येतो, कागदी टोपीखाली पळणारा पोलीस येतो.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच मुलखाची. आपल्याकडे माणूस डोक्यावरून ओळखायची फार जुनी सवय आहे. फेटा, पगडी, मुंडासं, गांधी टोपी, हमालाच्या डोक्यावरची चुंबळ, वासुदेवाची मोरपिसांची टोपी, नवरदेवाचं बाशिंग, तान्ह्या बाळाची कुंची, कोकणात भातलावणीच्या वेळी बायकांच्या डोक्या-पाठीवरचं इरलं. यातलं बरंचसं आजच्या मुलांनी पाहिलेलं नसतं. त्यांना रोज दिसतं ते हेल्मेट. गेली काही वर्षं आमच्या खोलीत राजापेक्षा पार्सल आणून देणारे जास्त येतात. पातेलं डोक्यावर, पाठीला उशी, आणि दारात उभं राहून, ‘ओटीपी सांगा.’

पातेल्याला टोपी म्हणण्याने मुलाचा गोंधळ नाही का होणार?

मराठीचा झालेला नाही, मुलाचाही होणार नाही. मुंबई-कोकणात पातेल्याला टोप म्हणतात आणि शिवाजी महाराजांच्या डोक्यावर असतो तोही जिरेटोप. टोप, टोपी, टोपडं, टोपण, टोपलं, टोपली हे शब्द एका रांगेत उभे करा आणि सांगा, यातलं स्वयंपाकघरातलं कोणतं आणि डोक्यावरचं कोणतं.

मुलाला नीट माहीत असतं. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्या पंधरा महिन्यांच्या मुलीची एक नोंद करून ठेवली आहे. तिला एक कापड दिसलं, त्याची झालर तिच्या उशीच्या कडेसारखी होती. तिने ते धरलं, अंगठा तोंडात घातला, आडवी झाली आणि हसायला लागली. खरोखर झोपायला जाणारं बाळ हसत नाही. ती उशी नव्हे हे ठाऊक होतं म्हणूनच हसू आलं.

रशियातल्या लेव्ह व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने १९३३ च्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याबद्दल सांगितलं ते मला या बाबतीत सगळ्यात उपयोगी वाटतं. कोणतीही काठी घोडा होते, पण पोस्टकार्डाचा घोडा होत नाही, कारण पोस्टकार्डावर टांग टाकून बसता येत नाही. म्हणजे कल्पना कितीही भरारी मारो, हाताला आणि अंगाला ती वस्तू पटावी लागते. टोपीचंही तसंच आहे. चेंडूची टोपी होत नाही, तो घरंगळतो. पुस्तक मधोमध उघडून पालथं ठेवलं की छान कौलारू टोपी होते. चप्पल होते. चड्डी तर होतेच होते, आणि पाहुणे आलेले असताना हमखास होते.

खात्री करून घ्यायची असेल तर टोपी घातलेल्या मुलाला सांगा, ‘टोपीतून चहा गाळून देतोस का?’ बहुतेक मुलं तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतात आणि गाळणी काढून हातात देतात.

मग अशा वेळी मी नेमकं काय बोलायचं?

थोडं. आणि जे व्हायला आलंय त्याच्याशी बोला. ‘अय्या, किती क्रिएटिव्ह!’ हे मुलाशी बोलणं नाही, ते शेजारच्या काकूंना ऐकवणं आहे. ‘ती टोपी नाहीये, गाळणी आहे’ हे तर मुळीच नको. ती माहिती त्याच्याकडे आहे.

‘कोण आलंय?’ एवढं पुरतं. स्वतःहून ओळखायला जाऊ नका. हे मी ठेच लागून शिकले. चार वर्षांची एक मुलगी दुरडी पालथी घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी खुर्चीतून उठून म्हटलं, ‘या, राजेसाहेब!’ तिने दुरडी न हलवता सांगितलं, ‘मी राजा नाहीये. मी पावसात उभी असलेली बाई आहे. बस येत नाहीये.’

मग मीही तिच्या शेजारी उभी राहिले. बस आली नाही. दोनेक मिनिटांनी तिने दुरडी काढली, झटकली आणि म्हणाली, ‘चला, चालत जाऊ.’ आम्ही खिडकीपर्यंत चालत गेलो. एवढंच झालं. पण त्यात पाणी झटकणं होतं, वाट बघणं होतं, अनोळखी बाईला सोबत घेणं होतं. मी ‘राजा-राजा’ करत राहिले असते तर त्यातलं काहीच घडलं नसतं.

टोपलीत कोणत्या वस्तू ठेवाव्यात?

घरात आहेत त्याच. सुरुवातीला मी हौसेने पंचवीस-तीस वस्तू ठेवल्या होत्या, मुलं नुसती उपसत बसायची. आता एका वेळी सात-आठ, आणि दर पंधरा दिवसांनी त्यातल्या दोन-तीन बदलते.

दुरडी आणि रोवळी या दोघींना तोड नाही. बांबूच्या असल्याने हलक्या, हवेशीर, पडल्या तरी आवाज नाही, आणि डोळ्यांवर आल्या तरी विणीतून जग दिसतं. विणीतून उन्हाचे ठिपके तोंडावर पडतात, त्यावरून आमच्याकडे एकदा बिबट्या तयार झाला होता. नवी दुरडी असेल तर आधी कडेवरून जुना मोजा फिरवून बघा. धागा अडकला तर तिथे कुसळ आहे, ते काढा आणि कड चिंधीने बांधून घ्या.

कापडांत पंचा सर्वांत चांगला. आंघोळीनंतर गुंडाळला की फेटा, पुढे ओढला की घुंगट, वळकटी करून गोल ठेवला की चुंबळ. चुंबळीवर दुसरी वस्तू ठेवता येते, आणि मग खरी मजा. एका मुलाने चुंबळीवर पातेलं, पातेल्यात मोजा, मोज्यावर झाकण असा मजला चढवला होता आणि ‘हळू चाला, वर लोक राहतात’ असं सगळ्यांना बजावत होता.

उशीचा अभ्रा सुती हवा, विरळ विणीचा असेल तर उत्तम. मोजा अर्धाच डोक्यात जातो आणि उरलेला लोंबतो, त्याला कान, सोंड, वेणी काहीही होता येतं. पत्रावळी-द्रोण आणून ठेवा. द्रोण दोन तास टिकतो, पण त्या दोन तासांत तो कोंबड्याचा तुरा असतो, वाढदिवसाची टोपी असते आणि शेवटी भेळेचा द्रोण होतो. पावसाळ्यात सागाची किंवा अळूची पानं. अळूच्या पानावर पाण्याचे मोती थांबतात, ते डोक्यावर घेऊन न सांडता चालायची शर्यत मुलं स्वतःच लावतात. (हाताला खाजतं, तेव्हा देठ तोडून आणि पुसून द्या.)

मापाचा हिशेब एकदा सांगते. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ४९ सेंटिमीटर असतो, मोठ्या माणसाचा साधारण ५५ ते ५७. म्हणून बाबांची टोपी नाकापर्यंत येते. भांडं द्यायचं तर एकतर ते इतकं उथळ किंवा लहान हवं की नुसतं वर बसेल, नाहीतर इतकं ऐसपैस की हात न लावता खाली पडेल. यांच्या मधलं माप अडकतं. त्याची कथा पुढे आहे.

घरच्या वस्तूंचा हा आग्रह माझा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, आणि अनुताई वाघांनी ते वाढवलं. महागडी माँटेसरी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, तेव्हा पानं, बिया, शिंपले, खडे हीच साधनं झाली. मारिया माँटेसरींना स्वतःला असल्या कल्पनेच्या खेळाचं फारसं कौतुक नव्हतं, मुलाला खोटं काम नको, खरं काम हवं असा त्यांचा कल. मला वाटतं दोन्ही चालतं. आमच्याकडची मुलं रोवळीत खरेच तांदूळ धुतात आणि ती वाळली की घालतात.

कोणत्या वस्तू अजिबात नकोत?

हे पाठ करा.

प्लास्टिकच्या पिशव्या कधीच नाहीत, जाड नाहीत आणि पातळ तर नाहीतच. तोंडावर चिकटतात आणि श्वास कोंडतो. कपाटातल्या ड्रायक्लीनिंगच्या पिशव्या आणल्या त्या दिवशीच फाडून टाका.

गळ्याखाली बांधायचे बंद, दोऱ्या, ओढण्यांच्या गाठी नकोत. फेटा बांधून हवा असेल तर डोक्यालाच बांधा, हनुवटीखालून काही नेऊ नका. खरं हेल्मेट सायकलवर पट्टा लावून घालायचं, पण घसरगुंडी-झोपाळ्यावर जाताना काढायला लावा, कारण पट्टा गजात अडकून गळफास बसू शकतो. हे फार पालकांना माहीत नसतं.

अरुंद गळ्याची भांडी: कळशी, घागर, फुगीर पोटाची पितळी पातेली. काच आणि चिनी माती. कापलेल्या पत्र्याचे डबे. गॅसवरून नुकतं उतरवलेलं काहीही. रंगाचे, फिनेलचे, औषधांचे रिकामे डबे, कितीही धुतलेले असोत.

आणि टोपी घालून जिन्यात जायचं नाही. आमच्या खोलीतला हा एकच नियम आहे आणि मुलं तो एकमेकांना माझ्यापेक्षा कडकपणे ऐकवतात.

डोकं पातेल्यात अडकलं तर?

माझ्याच घरात झालंय. धाकटा तीन वर्षांचा होता. आजीचं पितळी पातेलं, पोट फुगीर, गळा थोडा आवळलेला, काठ बाहेर वळलेला. मी भाकरी थापत होते. मागून ठण्ण असा आवाज आला, मग पातेल्यातून घुमणारा आवाज: ‘आई, दिवे गेले.’

आत जाताना कान चपटे होतात आणि भांडं सुळकन उतरतं. ओढून काढताना तेच कान काठाला अडतात, आणि रडण्याने घाम-सूज येऊन आणखी आवळतं. शेजारचे काका धावत आले, ‘दोघं मिळून ओढू’ म्हणाले. मी त्यांना चहा ठेवायला पाठवलं.

पहिलं काम म्हणजे श्वास बघणं. नाक-तोंड भांड्याबाहेर आहे का? नसेल किंवा मूल धापा टाकत असेल, तर वेळ घालवू नका, लगेच ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ लावा. आमच्या पातेल्याचा काठ भुवयांच्या खाली, नाकाच्या मध्यावर होता, तोंड मोकळं होतं. त्याला मांडीवर बसवलं. मान खेचली जाऊ नये म्हणून भांड्याचं वजन हाताने पेललं. खोबरेल तेल कपाळावर आणि कानांच्या मागे भरपूर सोडलं. दोन्ही कान बोटांनी डोक्याशी चपटे दाबून धरले आणि पातेलं सरळ वर न ओढता मागच्या बाजूने, मानेकडून कपाळाकडे, तिरकं करत थोडं थोडं फिरवलं. वीस मिनिटं लागली. मधे तो शांत झाला तेव्हा मी विचारलं, ‘आत काय दिसतंय?’ म्हणाला, ‘माझा आवाज दिसतोय.’

तेलाने निघालं नाही तर अग्निशमन दलाची माणसं भांडं कापून काढतात, त्यांना या कामाची सवय असते. घरी पक्कड-करवत काढू नका.

पातेलं आता माळ्यावर आहे.

पोलिसाची, फायरमनची विकतची टोपी आणू का?

आणा, पण एकच. आणि ती घरातल्या वस्तूंपेक्षा लवकर कंटाळवाणी झाली तर नवल मानू नका. पोलिसाची टोपी पोलिसाशिवाय कुणाला फारशी येऊ देत नाही.

आमच्याकडे एका पालकांनी तशी टोपी भेट दिली होती. पहिला आठवडा तिच्यावरून मारामाऱ्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात ती जमिनीवर पडून होती. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने ती उलटी केली, तिच्यात चिंचोके भरले आणि ‘ताजी भाजी’ म्हणून विकायला बसली. तेव्हापासून ती टोपी आमच्या टोपलीतली झाली.

मुलगा आहे, पण डोक्यावर ओढणी घेऊन ‘मी नवरी’ म्हणतो. थांबवू का?

नाही. काल तो बिबट्या झाला होता, तेव्हा विचारलं नव्हतंत.

सासूबाईंना आवडत नाही. म्हणतात, सूप आणि ताटं डोक्यावर घ्यायची वस्तू आहे का?

त्यांचं सगळंच खोटं नाही. खाण्याच्या भांड्यात केस आणि घाम नको हे मलाही पटतं. सूप आपल्याकडे लक्ष्मीचं मानतात, मग त्यांच्या भावनेला धक्का लावून खेळ मोठा होत नाही. उपाय सोपा आहे: खेळाची भांडी वेगळी काढा आणि ती कोणती हे सासूबाईंनाच ठरवू द्या. भातुकली मांडताना ठरवत असतीलच की.

पुढची पायरी अशी, की त्यांना विचारा, लहानपणी शेतावर पावसात डोक्यावर काय घ्यायच्या. एका आजींनी आमच्या खोलीत येऊन पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून खोळ करून दाखवली. दोन हात, एक खोच, झाली. सगळी मुलं गप्प. त्या दिवसानंतर गोणपाट हा टोपलीतला सगळ्यात मानाचा माल झाला, आणि त्या आजी दर शुक्रवारी येऊ लागल्या.

एकमेकांच्या टोप्या घातल्याने उवा होतील ना?

उवा मुख्यतः डोक्याला डोकं लागून पसरतात. डोक्यापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, तिला उडता किंवा उड्या मारता येत नाही. टोपीतून जाण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही. वर्गात उवांची साथ आली की आम्ही पंचे-मोजे गरम पाण्यात धुतो आणि टोपली दोन दिवस माळ्यावर ठेवतो. तेवढं पुरतं. खरी काळजी घ्यायची ती एकाच पुस्तकात डोकी खुपसून बसणाऱ्या मुलांची, आणि ते तर आपल्याला थांबवायचं नाहीये.

वर्तमानपत्राची टोपी मुलाच्या डोक्यावर राहत नाही, सारखी नाकावर येते.

कारण तुम्ही जोडपान घेताय. एकच पान घ्या. आडवी घडी घालून ते निम्मं करा, घडीची बाजू वर. वरचे दोन्ही कोपरे मध्यावर आणून दुमडा, डोंगर झाला. आता बहुतेक जण लगेच खालच्या दोन्ही पट्ट्या वर उलटतात, तिथेच चुकतं. आधी फक्त पुढची पट्टी वर उलटा, कागद पालथा करा आणि डोंगराची डावी-उजवी टोकं दोन-दोन बोटं आत दुमडा. मग उरलेली पट्टी त्यांच्यावर उलटा, म्हणजे दुमडलेली टोकं पट्टीत दाबली जातात आणि टोपी लहान डोक्याला बसते. मोठ्या मुलाला एक-एक बोट पुरे.

घामाने शाई सुटते आणि कपाळावर काळी रेघ उमटते. आतून एक कोरी पट्टी लावली की झालं, पण आमच्या मुलांनी ती लावू दिली नाही. त्यांच्या मते ती रेघ म्हणजे टोपी खरी असल्याची खूण.

माझं मूल टोपी डोक्यावर ठेवली की लगेच फेकून देतं.

काही मुलांना डोक्यावर स्पर्श सहन होत नाही. केस विंचरतानाही रडत असतील. जबरदस्ती करू नका. बाहुलीला घालू दे, तुम्हाला घालू दे, खांबाला घालू दे. आमच्या खोलीत एक मुलगा वर्षभर फक्त दुसऱ्यांना टोप्या चढवायचा, स्वतः बोडका. सगळे त्याला ‘दुकानदार’ म्हणत, आणि त्याने ठरवल्याशिवाय कुणी काही होऊ शकत नसे.

फोटो काढू का?

एक, लांबून, तिला न कळता. ‘इकडे बघ, परत ठेव, हस’ सुरू झालं की मूल टोपी घालून तुमच्याकडे बघत नाही, फोनकडे बघतं.

शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये हेच वापरता येईल?

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने घरी कुकरचं भांडं घालून सुंदर शिवाजी महाराज केले होते, तलवार म्हणजे फूटपट्टी. शाळेने कळवलं, पोशाख ‘प्रॉपर’ हवा. भाड्याचा जिरेटोप आला, दाढी आली, मोत्यांच्या माळा आल्या. जिरेटोप कानावर टोचत होता, दाढीचा गोंद खाजत होता. स्टेजवर महाराज रडले. बक्षीस मिळालं, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं. स्पर्धा हवी तर करा, पण तिला खेळ समजू नका.

आम्ही परदेशात राहतो. इथे दुरडी, रोवळी, सूप कुठून आणायचं?

आणू नका. तिथल्या ओट्यावर जे आहे तेच घ्या: भाजी निथळायची जाळी, लोकरीचा मोजा, पार्सलचं खोकं. मराठी वस्तूतून यायची गरज नाही, बोलण्यातून येईल. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल असतो तेव्हा मुलाला टोपी घालून येऊ द्या आणि आजोबांना सांगून ठेवा, की ‘जेवलास का, अभ्यास कसा चाललाय’ च्या आधी ‘कोण बोलतंय?’ असं विचारायचं. ज्या मुलाच्या तोंडून एरवी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे मराठी निघत नाही, ते पोलीस झालं की दंड किती ते मराठीत सांगतं.

हा खेळ कितव्या वर्षी संपतो?

सात-आठच्या आसपास नियमांचे खेळ आवडू लागतात आणि टोपली मागे पडते. कधी संपला ते नेमकं सांगता येत नाही, कारण शेवटच्या दिवशी कुणाला माहीत नसतं की हा शेवटचा. माझ्या धाकट्याला आता मिसरूड फुटलंय. गेल्या दिवाळीत भांडी घासायला काढली तेव्हा माळ्यावरचं ते पितळी पातेलंही खाली आलं. चिंच लावून त्याने ते लख्ख केलं, पुसलं, इकडेतिकडे बघितलं आणि डोक्यावर धरलं. आता ते नुसतं वर बसतं, कपाळापर्यंतही येत नाही. मी दारात होते. त्याने मला पाहिलं आणि पातेलं पटकन खाली घेतलं.

मी म्हटलं, ‘कोण आलंय?’

‘कोणी नाही गं,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘दिवे आले का बघत होतो.’